तिसरा खण

आईच्या खोलीतलं जुनं कपाट भुसा दाबून केलेल्या पाट्यांचं होतं. खालचा खण उघडायचा म्हणजे आधी उजवीकडून हिसका, मग डावीकडून, मग दोन्ही हातांनी एकदम. आईची बोटं सांध्यांत सुजतात. सकाळी तर मूठसुद्धा धड वळत नाही. एके दिवशी तिनं असाच हिसका दिला आणि खणाची दर्शनी फळी तेवढी हातात आली. बाकीचा खण कपड्यांसकट आतच. फळी छातीशी धरून ती माझ्या दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "हे घे. मूठ मिळाली, आता खण शोध."

मी तोवर चार वर्षं फावल्या वेळात लाकूडकाम करत होते. दोन स्टुलं, एक फडताळ, एक टेबल. (टेबलाची गोष्ट पुढे येईल, ती टाळण्यासारखी नाही.) त्यामुळे "मीच करते की चार खणांचं कपाट" हे वाक्य तोंडातून निघून गेलं आणि आईनं ते झेलून ठेवलं.

"पावसाळ्याच्या आत होईल?"

"होईल की."

झालं. पुढच्या वर्षीच्या पावसाळ्याच्या आत.

खणांचं कपाट कागदावर फार सोपं दिसतं. एक मोठं खोकं, त्यात चार लहान खोकी. फडताळात काही चुकलं तर चूक पुस्तकांमागे जाते. खणांतली चूक रोज हाताला लागते, कारण ती चार खोकी मोठ्या खोक्याच्या पोटात रोज मागेपुढे व्हायची असतात, आणि तीही वर्षानुवर्षं. मूळची वस्तू तशी झाकणाची पेटीच. तळातलं काही हवं असेल तर सगळी पेटी उपसावी लागते, म्हणून पेटीच्या तळाशी एक खण आला, मग त्यावर आणखी एक, आणि युरोपात १७ व्या शतकात नुसत्या खणांची कपाटं रूढ होईपर्यंत झाकण हवंच कशाला असं होऊन गेलं. मराठीत आपण घराचाही खण म्हणतो आणि कपाटाचाही. मला ते आवडतं. खण म्हटलं की दोन खांबांमधली जागा आधी डोळ्यांपुढे येते, ड्रॉवर नंतर.

लाकूड सागाचं घेतलं. आमच्या मागच्या बाजूला एक मिस्त्रीकाका राहतात. उभी हयात सुतारकामात गेली, आता हात थरथरतो म्हणून थांबलेत. फळ्या आल्या तशा ते काठी टेकत आले, एका फळीवर बोटाच्या पेरानं टकटक केलं, दुसरीवर तळहात ठेवला आणि म्हणाले, "ताई, ह्यांना जरा निजू द्या."

म्हणजे फळ्या ज्या घरात राहणार, त्या घरातच आधी ठेवायच्या. एकावर एक, मध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या घालून, चारी अंगांनी वारा लागेल अशा. मी तीन आठवडे ठेवल्या. झाड तोडून कितीही वर्षं झाली तरी लाकूड हवेतलं पाणी घेतं आणि परत देतं. ओलसर हवेत फुगतं, कोरड्या हवेत आक्रसतं. गंमत अशी की हे सगळं रुंदीत चालतं. लांबीत लाकूड जवळजवळ हलत नाही, पार ओल्यापासून भट्टीत वाळवेपर्यंत नेलं तरी साधारण हजारात एक-दोन भाग. रुंदीतही झाडाच्या वलयांच्या दिशेनं ते जितकं हलतं, त्याच्या निम्म्यानं गाभ्यापासून सालीच्या दिशेनं हलतं. म्हणून ओंडक्यातून फळी कशी चिरून काढली आहे यावर तिचा स्वभाव ठरतो. फळीचं टोक बघायचं. वलयं उभी दिसली तर ती फळी शांत. आडवी, कमानीसारखी पसरलेली दिसली तर ती फळी ऋतूबरोबर जास्त हलणार आणि वाकायलाही बघणार.

साग या बाबतीत गुणी म्हणायचा. तरीसुद्धा आडव्या वलयांच्या ४०० मिलिमीटर रुंद फळीतली ओल पाच टक्क्यांनी बदलली, तर रुंदी साडेतीन-चार मिलिमीटरनं बदलते. काकांच्या भाषेत एक सूत आणि वर थोडं. इंचाचे आठ भाग केले की त्यातला एक म्हणजे सूत. मी मिलिमीटरवाली, ते सूतवाले. पहिले काही आठवडे आमचं बोलणं सारखं भाषांतर करत चाललं. मग मीच सुतावर आले.

आता टेबल. त्याची वरची फळी मी चारी बाजूंनी खालच्या चौकटीला स्क्रूनं आवळली होती आणि वर गोंदही लावला होता, हलायला नको म्हणून. कोरडे दिवस सुरू झाले आणि एका रात्री खोलीत काहीतरी सुटल्यासारखा आवाज झाला. दिवा लावून पाहिलं तर फळीत वीतभर चीर. दोन दिवस मी लाकूडवाल्याला नावं ठेवली. काका आले, चिरेवरून नख फिरवलं, खाली वाकून स्क्रू मोजले. सोळा होते. "सोळा माणसांनी धरलंय त्याला," एवढंच म्हणाले. ते टेबल अजून आहे. चिरेत पैसे अडकतात.

म्हणून कपाटाचं खोकं करताना मी प्रत्येक तुकड्याला विचारत बसले की बाबा, तू कोणत्या दिशेनं हलणार. रेषे म्हणजे लाकडाचे तंतू, ते फळीच्या लांबीत धावतात. दोन्ही बाजूंच्या फळ्यांचे रेषे उभे, म्हणजे त्या पुढेमागे फुगणार. खण ज्यांवर सरकतात त्या पट्ट्यांचे रेषे पुढून मागे, म्हणजे त्यांची लांबी हलणार नाही. हलणाऱ्या फळीवर न हलणारी पट्टी पूर्ण चिकटवली की झालं पुन्हा टेबल. मग पट्टी पुढच्या टोकाला गोंदानं पक्की करायची आणि मागच्या टोकाला गोंद न लावता लांबट भोकातून एक स्क्रू द्यायचा, फार न आवळता. फळी मागच्या मागे हवी तेवढी सरकू दे. वरच्या फळीलाही तसंच, पुढे पक्की आणि मागे मोकळी. एवढ्या लांबट भोकांसाठी दोन दिवस गेले आणि बाहेरून त्यातलं एकही दिसत नाही.

खोकं जुळवण्याच्या दिवसाबद्दल फार लिहीत नाही. पांढरा गोंद लावला की हातात दहाएक मिनिटं असतात. सागात तेल असतं, त्यामुळे सांध्याच्या जागा आधी थिनरनं पुसून घ्यायच्या. मग लावा, ठोका, क्लॅम्प आवळा आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे भरले तर खोकं काटकोनात. माझ्यात तीन मिलिमीटरचा फरक होता. क्लॅम्प तिरका लावून लांब कर्ण दाबत दाबत आणला. त्या दहा मिनिटांत आई दारात येऊन "चहा ठेवू का?" म्हणाली आणि मी तिला काय उत्तर दिलं ते मला आठवत नाही. तिला आठवतं.

खणांचे सांधे मात्र सावकाश करायचे होते. खणाच्या पुढच्या फळीला आणि बाजूच्या फळ्यांना जोडणारा सांधा डव्हटेल. बाजूच्या फळीच्या टोकाला पारव्याच्या पसरलेल्या शेपटीसारखे दाते, टोकाकडे रुंद आणि मुळाशी अरुंद. पुढच्या फळीत त्यांच्याच मापाची घरं. प्राचीन इजिप्तमधल्या थडग्यांत सापडलेल्या लाकडी वस्तूंतही हा सांधा आहे, आणि तो इतका टिकला त्याचं कारण अगदी साधं आहे. खण ओढताना सगळा जोर पुढच्या फळीला बाजूंपासून तोडण्यात जातो. शेपटीचं रुंद टोक अरुंद तोंडातून निघूच शकत नाही. गोंद पार मेला तरी पुढची फळी हातात येणार नाही. आईच्या त्या जुन्या खणाला दोन लाकडी खुंट्या आणि गोंदाचा एक थेंब होता.

दात्यांचा उतार टणक लाकडाला आठास एक धरतात (आठ भाग लांबीला एक भाग तिरका), मऊ लाकडाला सहास एक. उतार जास्त दिला तर दात्याचं टोक तुटतं, कमी दिला तर पकड जाते. चार खण, प्रत्येकाला पुढचे दोन कोपरे, कोपऱ्याला तीन-चार दाते. मागचे कोपरे वेगळेच.

एक कोपरा कसा होतो ते सांगते. आधी बाजूच्या फळीवर दाते आखायचे. पेन्सिलीनं नाही, सुरीनं. पेन्सिलीच्या रेघेला जाडी असते आणि त्या जाडीतच सगळे वाद सुरू होतात. सुरीची रेघ म्हणजे रेषे तुटलेली एक बारीक खाच, पटाशीचं, म्हणजे कोरायच्या सपाट हत्याराचं, पातं तिथे आपण होऊन बसतं. मग करवत. रेघेच्या कोणत्या अंगाला कापायचं? जो भाग जाणार आहे त्या अंगाला. काका म्हणायचे, "रेघ खायची नाही. रेघ दिसत राहिली पाहिजे." दाते कापून झाले की ती फळी पुढच्या फळीच्या टोकावर आडवी टेकवून, दात्यांच्या कडेकडेनं सुरी फिरवून घरं आखायची. इथे मोजपट्टी वापरायचीच नाही. पहिल्या फळीत झालेल्या सगळ्या चुका दुसरीवर जशाच्या तशा उतरल्या पाहिजेत, तरच दोघी जमतात. आणि आधी कोणती फळी कापायची, दात्यांची की घरांची, यावर लाकूडकाम करणाऱ्यांत पिढ्यान्‌पिढ्या दोन तट आहेत. त्यात मी पडत नाही. काका ज्या तटाचे, त्या तटाची मी.

घरं कोरताना पुढच्या फळीच्या आरपार जायचं नाही. दर्शनी बाजूला पाचेक मिलिमीटर पदर राखायचा, म्हणजे पुढून सांधा दिसत नाही. पटाशी आधी उभी, लाकडी हातोड्याचा एक ठोका, रेषे आडवे तुटतात. मग पटाशी आडवी, हातानंच ढकलायची, एक ढलपी सुटते. पुन्हा उभी, पुन्हा आडवी. सागात वाळूच्या जातीचा सिलिका असतो, तो पात्याची धार खातो. अर्ध्या तासात पटाशी लाकूड कापायचं सोडून दाबायला लागते आणि कोपऱ्यात रेषे चिरडलेले, भुरकट दिसतात. तसं दिसलं की थांबायचं आणि दगडावर जायचं. सुरुवातीला मला धार लावणं म्हणजे कामात खंड वाटायचा. पुढे पुढे त्या पाच मिनिटांची मी वाटच बघायला लागले. पाठीला तेवढाच विसावा.

पहिल्या खणाच्या सांध्यांत इतक्या फटी राहिल्या की त्यात लाकडाच्या चकत्या घालून गोंदवल्या. तो सगळ्यात वर आहे. दुसरा बरा. तिसरा मात्र असा बसला की कोरडाच, गोंद न लावता, हातात उचलून हलवला तरी सुटेना. मी तो घेऊन काकांकडे गेले. त्यांनी चष्मा लावला, चारी कोपरे बघितले, एका दात्यावर अंगठा फिरवला आणि म्हणाले, "हं." त्यांच्याकडून हे फार झालं.

तिथेच माझ्या डोक्यात वारं शिरलं.

कारण खण बनवणं वेगळं आणि बसवणं वेगळं. बनवताना खण त्याच्या जागेपेक्षा जरा मोठाच ठेवतात आणि मग रंध्यानं एकेक पापुद्रा काढत आत उतरवतात. खण घाला, अडला की बाहेर काढा. जिथे घासला तिथे लाकूड चकाकतं, त्या चकाकीवर रंधा मारा, पुन्हा घाला. रंध्याला धार चांगली असेल तर पापुद्रा कागदाहून पातळ निघतो, खिडकीशी धरला तर आरपार दिसतं. एका खणाला अर्धा दिवस जातो. माझ्या हातातलं सगळ्यात आवडतं काम हे. घाईची सवय असलेल्या माणसाला ते शिक्षा वाटेल, मान्य आहे.

आता इथे ती दिशेची गोष्ट पुन्हा येते, आणि ती मला आधी कागदावर कळली होती पण हाताला कळली नव्हती. खणाच्या पुढच्या फळीचे रेषे डावीकडून उजवीकडे जातात, म्हणून खणाची रुंदी बारा महिने सारखी. तिथे अगदी नेमका बसवला तरी चालतो, बसवायलाच हवा, नाहीतर खण आत वाकडातिकडा होऊन अडकतो. बाजूच्या फळ्यांचे रेषे पुढून मागे, म्हणजे त्या उंचीत फुगणार. आणि खणाला आत जायला जी जागा आहे तिची उंची मात्र कपाटाच्या उभ्या रेष्यांनी ठरलेली, ती हलत नाही. खण वाढणार, जागा नाही वाढणार. म्हणून रुंदीत घट्ट आणि उंचीत सैल. कोरड्या दिवसांत काम करत असाल तर वर दीड-दोन मिलिमीटर मोकळे ठेवायचे आणि त्या फटीची लाज वाटू द्यायची नाही.

मला वाटली. मी कुठेतरी ऐकलं होतं की उत्तम कपाटात एक खण लोटला की आतली हवा दाबली जाऊन दुसरा खण आपोआप बोटभर बाहेर येतो. ते खरंच होतं, खण नेमके असतील आणि कपाटाची पाठ बंद असेल तर. ते मला हवं होतं. तिसऱ्या खणाच्या वर मी अर्धा मिलिमीटर ठेवला. काकांनी त्या फटीत पोस्टकार्ड घालून पाहिलं, ते जेमतेम गेलं.

"ताई, अजून थोडं काढा."

"काका, बघा ना कसा बसलाय."

"बसलाय. उठंल का ते बघा."

मी नाही काढलं.

खणांच्या तळाच्या फळ्यांचं काम पटकन झालं. तळ बाजूंच्या खोबणीत नुसता सरकवायचा, गोंद नाही. त्याचे रेषे आडवे ठेवायचे, म्हणजे तो फुगला तर मागच्या मागे जातो, आणि मागे लांबट भोकातून एक स्क्रू. पाठ लावली, मुठी लावल्या. मुठी मोठ्या आणि गोल घेतल्या, चार बोटं आत जातील अशा. लहान, सुबक मुठी आईच्या बोटांना काय कामाच्या?

मग घासकाम. याबद्दल कुणी चांगलं लिहिलेलं मी वाचलेलं नाही आणि मीही लिहिणार नाही. ८० नंबरचा पॉलिश पेपर, मग १२०, मग १८०, मग २२०, नेहमी रेष्यांच्या दिशेनं. कुठलाही नंबर गाळायचा नाही, कारण आधीच्या कागदाचे ओरखडे पुढच्यानं काढायचे असतात. ८० वरून थेट १८० वर उडी मारली तर ओरखडे कोरड्या लाकडावर दिसत नाहीत, पॉलिशचा पहिला हात फिरला की उघडे पडतात. मला कसं माहीत हे विचारू नका. सागाची धूळ नाकात बसते, मास्क लावूनही शिंका येतात. शेवटच्या नंबरआधी ओलं फडकं फिरवून लाकूड सुकू द्यायचं. दबलेले रेषे उभे राहतात आणि हाताला दाढीच्या खुंटासारखे लागतात. मग तेवढे उडवायचे. तिरक्या उजेडात पाहिलं तेव्हा डाव्या बाजूवर गोंदाचा एक ओघळ राहिलेला दिसला. तो खरवडून काढला. गोंद मुरलेल्या जागी पॉलिश चढत नाही, फिकट डाग राहतो.

पॉलिश लाखेचं करायचं हे मी आधीच ठरवलं होतं. खणांच्या आत तेल लावलं तर त्याचा वास कपड्यांना महिनोन्‌महिने येतो. लाख सुकली की तिला वास नाही. काही गोळ्याबिळ्यांवरचा चकचकीत थरही लाखेचा असतो, म्हणजे पोटात गेली तरी हरकत नाही. ही लाख एका बारीक किड्याची. पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या फांद्यांवर हजारोंनी बसून हे किडे रस शोषतात आणि अंगाभोवती राळेसारखं आवरण करतात. ते खरवडून, वितळवून, ताणून पातळ पापुद्रे केले की चपडा. स्पिरिटमध्ये रात्रभर टाकला की विरघळतो. लिटरभर स्पिरिटला साधारण १२० ग्रॅम चपडा म्हणजे पातळ पॉलिश, दुप्पट टाकला तर दाट. मी पातळच केलं. दाट लवकर चढतं आणि लवकर फसवतं.

लावायला कापसाचा बोळा सुती फडक्यात बांधतात, लहान मुलाच्या मुठीएवढा, एका बाजूला निमुळता. बोळा पॉलिशमध्ये बुडवायचा नाही, पाठीमागून थोडं पाजायचं आणि पिळून घ्यायचं. फळीवर तो विमान उतरतं तसा चालता चालता टेकवायचा आणि चालता चालता उचलायचा. मध्ये थांबला तर स्पिरिट खालचा थर विरघळवतं, फडकं चिकटतं आणि तिथे जखम होते. सरळ हात, मग गोल, मग इंग्रजी आठाच्या आकड्यासारखे. बोळा ओढायला लागला की त्यावर तेलाचा एक थेंब. लाखेची खुबी ही की प्रत्येक नवा हात जुन्यात विरघळून एकच थर होतो. आणि लाकूड खालून वर येतं, दुसरा शब्द मला सुचत नाही. नव्या सागात हिरवट, तपकिरी, पिवळे असे जे ठिगळासारखे पट्टे असतात (उन्हात ते काही आठवड्यांत एक होतात), ते पहिल्या हातालाच ओले झाल्यासारखे उजळले. आई बघायला आली होती. तिनं बोट लावलं. ठसा उठला. "सॉरी" म्हणाली. तो ठसा मी पुढच्या हातात पुसला, आणि नंतर वाटलं, राहू द्यायला हवा होता.

सहावा हात मी चुकीच्या दिवशी दिला. आभाळ भरून आलं होतं, हवेत नुसतं पाणी. काकांनी आदल्या दिवशीच म्हटलं होतं की उद्या पॉलिशचा दिवस नाही. पण पावसाळा तोंडावर आला होता, आणि मी आईला शब्द दिला होता. हात फिरवला, छान दिसलं, जेवून आले तर कपाटाची वरची फळी पांढरी. धुकं पडल्यासारखी, काचेवर श्वास सोडल्यासारखी. स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार होतो, दमट हवेतलं पाणी त्यावर धरतं आणि सुकणाऱ्या लाखेत अडकून बसतं. मी आधी फडक्यानं पुसलं. मग जोरानं पुसलं. मग खाली बसले.

काका संध्याकाळी आले. काही बोलले नाहीत. बोळ्याला नुसतं स्पिरिट लावलं, जेमतेम, तळहाताच्या मागच्या बाजूला टेकवून ओल बघितली, आणि थरथरता हात फळीवर आला तसा स्थिर झाला. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, हलक्या हातानं, एकदाच. धुकं बोळ्याच्या मागोमाग निघून गेलं. लाख पुन्हा मऊ झाली आणि तिनं पाणी सोडलं. मग बोळा माझ्या हातात देऊन म्हणाले, "पंखा लावा. आणि आता दोन दिवस हात लावू नका. कपाटाला पण आणि ह्याला पण." 'ह्याला' म्हणजे पॉलिशच्या बाटलीला.

पाठीच्या फळीला आतून नाही, बाहेरून मी जवसाचं तेल दिलं होतं, उरलेलं. त्याच्या फडक्यांबद्दल मात्र एक गंभीरपणे सांगते. जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेऊन सुकतं आणि सुकताना तापतं. तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकली तर ती उष्णता आतच साठते आणि काडी न लावता फडकी पेट घेऊ शकतात. एकेक फडकं पसरून बाहेर दगडावर किंवा तारेवर वाळवायचं, कडक झालं की मग टाकायचं. शेजारी स्पिरिट आणि लाख. लाक्षागृह उभारायला आणखी काय लागतं?

कपाट आईच्या खोलीत गेलं तेव्हा सगळे खण आत घालून मी तिला उघडून दाखवले. तिसरा लोटला आणि दुसरा खरोखर बोटभर बाहेर आला. मी काकांकडे पाहिलं. ते मुठी बघत होते. आईनं दोन बोटांनी सर्वात खालचा खण ओढला, आला. लोटला, गेला. मग तिनं चारही खण तीनतीनदा उघडले आणि बंद केले, आणि म्हणाली, "आता ह्यात ठेवू काय?"

पंधरा दिवसांनी पाऊस लागला. तिसरा खण त्याच आठवड्यात अडला. २०० मिलिमीटर उंचीचा खण, ओल नुसती तीन टक्क्यांनी वाढली तरी मिलिमीटरभर वाढणार, आणि मी ठेवला होता अर्धा. शिवाय त्याच्या बाजूच्या फळ्या नेमक्या आडव्या वलयांच्या निघाल्या. सांध्यांच्या नादात मी टोकं बघितलीच नव्हती. चौथा त्याहून उंच आहे, पण त्यावर मी दोन मिलिमीटर ठेवले होते, कारण तोवर मी दमले होते. तो बिनतक्रार चालतो. वरचा, चकत्या घातलेला, तोही.

मी रंधा घेऊन गेले तर काका म्हणाले, "थांबा. आता काढलंत तर उन्हाळ्यात खडखड वाजंल. दिवस बदलू द्या, मग बघू." तोवर सरकपट्ट्यांवर आणि खणाच्या वरच्या कडांवर मेणबत्ती घासली. थोडं सुधारलं. कोरडे दिवस आले आणि खण पुन्हा पाण्यावर चालल्यासारखा चालू लागला. तेव्हा मी पुन्हा रंधा घेतला, आणि या वेळी आईनंच अडवलं. तिसऱ्या खणात तिनं तिचे जाडे, क्वचित लागणारे कपडे हलवले होते. रोजचे वरच्या दोन खणांत. तिला तो तसाच हवा होता.

कशाला, ते मला पुढच्या पावसात कळलं. सकाळी उठून ती आधी तिसऱ्या खणाच्या मुठीत चार बोटं घालते आणि हलकेच ओढून बघते. आला तर काही बोलत नाही. अडला तर आतूनच मला हाक मारते, "अगं, आज कपडे बाहेर वाळत घालू नकोस."